डाव्या खांद्यावरची खूण

“झाकायची म्हणजे झाकायची,” तेजल म्हणाली आणि तिनं कुर्त्याचा गळा डाव्या खांद्यावरून खाली ओढला.

मयूरनं दिवा जवळ घेतला. इंदिरानगरातल्या त्याच्या टॅटूच्या दुकानात गिऱ्हाइकाबरोबर मित्र येतात, मैत्रिणी येतात. आई आणि आजी, त्याही जेवणाचा डबा घेऊन, पहिल्यांदाच आल्या होत्या.

खांद्यावर काजूएवढा काळपट डाग होता.

“जन्मापासूनची?”

“जन्मापासूनचीच.” उत्तर मंदानं, तेजलच्या आईनं दिलं. जरा घाईनंच.

“पप्पांना होती, याच जागी,” तेजल म्हणाली. “आजोबांनाही होती म्हणे. म्हणून प्रत्येक लग्नात, प्रत्येक जागरणगोंधळात कुणीतरी बाई माझा गळा ओढून बघते. दाखव गं खूण! माझा खांदा म्हणजे काय आधार कार्ड आहे?”

मयूर हसला. मंदा हसली नाही. तिच्या तर्जनीच्या टोकावर जुना काळा वण होता; कुकरचा चटका, असं ती सांगायची. घाबरली की ती तोच चोळत बसायची.

त्या खुणेवर मंदाचं घर उभं होतं. लग्नानंतर दोन महिन्यांतच नवरा, संतोष, हायवेवरच्या अपघातात गेला. तिला दिवस गेलेत हे त्यानंतर कळलं, आणि गावातल्या बायकांनी बोटांवर महिने मोजायला घेतले. असल्या हिशोबाला कुणाचीच बोटं पुरत नाहीत. बाळंतपण माहेरी, चांदवडला झालं. बारशाला सासरचं कुणी फिरकलं नाही. सव्वा महिन्यानं सासू, धोंडाबाई, एकटीच आली. पाणीसुद्धा न पिता तिनं पोरीचं झबलं सरकवून खांदा बघितला. बराच वेळ बघितला. मग पोरीला छातीशी धरून म्हणाली, “संतोषची खूण हाय. चल गं घरी.”

त्या दिवशी सगळ्यांची बोटं मिटली. पुढची बावीस वर्षं मंदानं धोंडाबाईचा शब्द खाली पडू दिला नाही. गुडघे चोळले, बोलणी खाल्ली, माहेरी दोन दिवसांच्या वर राहिली नाही. दुसऱ्या लग्नाचं स्थळ आलं, चांगलं होतं, ते दारातूनच परत पाठवलं. पोरीला लागलेलं बापाचं नाव टिकायला हवं होतं.

आणि आता तीच खूण पोरगी मिटवायला निघाली होती.

“तेजू, ऐक गं. बापाची एवढीच आठवण आहे.”

“फोटो आहे की हॉलमध्ये, मम्मी. रोज हार घालतेस ना?”

मयूरनं अंगठ्यानं डाग दाबून पाहिला. त्याच्या कपाळाला आठी पडली. “जन्मखुणेची कातडी एरवीसारखीच असते. ही जरा ताणल्यासारखी लागतेय. मध्ये गुळगुळीत...”

“गळू झालं होतं तिथं,” मंदा म्हणाली. “लहानपणी.”

“मला नाही कधी सांगितलंस?”

“सगळं सांगत बसू का?”

धोंडाबाई इतका वेळ भिंतीवरचे वाघ, विंचू आणि कवट्या बघत होती. ती एकदम म्हणाली, “पोरा, ही तुझी शाई धुतल्यावर जाती का?”

“नाही आजी. मरेपर्यंत राहते.”

“म्हंजी परटाच्या बिब्ब्यावानी. चादर इरती, खूण जात नाय.”

“पण बिब्बा अंगावर उततो ना, आजी? कातडी भाजते.”

“उततो की. लहान लेकरू असलं तर लय रडतं.”

“आत्याबाई, पाणी देऊ का?” मंदानं मध्येच विचारलं.

धोंडाबाईनं पाणी घेतलं. तिघंही तिच्याकडं बघत राहिली. खूण तिच्या घराण्याची, तेव्हा निकालही तिचाच. ती सावकाश प्यायली आणि तिनं पदरानं तोंड पुसलं.

“काय फुलं-पाखरं काढायची ती काढ, बाय. टाक झाकून.”

तेजलनं आजीच्या गालाचा मोठ्यानं मुका घेतला आणि ती मयूरमागोमाग पडद्याआड गेली. यंत्राची गुणगुण सुरू झाली.

बाहेरच्या बाकावर दोघीच उरल्या. मंदा तर्जनीचा वण चोळत होती.

“आत्याबाई, तुम्हाला खरंच चालतंय? संतोषची खूण होती ती.”

धोंडाबाईनं मंदाचा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला, तर्जनी सरळ केली आणि वणाशेजारी आपली तर्जनी टेकवली. तिच्याही टोकावर वण होता. तसाच काळा, पण अधिक जुना.

“संतोषला लावताना माझं बी बोट असंच उतलं होतं,” ती म्हणाली. “बिब्बा काडीनं लावायचा असतो गं, येडे.”