हनुमानचा विसावा

पिशवी भरून झाली तरी केशरबाईंचं समाधान होईना. त्यांनी ती पुन्हा उघडली, आतली शाल काढून हुंगली आणि परत ठेवली. हनुमान उंबऱ्यात बसून बघत होता.

गल्ली शांत होती. दिवाळी होऊन गेली होती. निम्मं गाव ऊसतोडीला गेलेलं, आणि कुलपं लावलेल्या दारांपुढं ऊन एकटंच पडलेलं. चौसाळ्याच्या रस्त्यावरचे ट्रक इथवर ऐकू येत, पण आज त्यांचा आवाजही पाण्याखालून आल्यासारखा वाटत होता.

हनुमान जन्मला तेव्हा रडलाच नव्हता. चालायला उशीर झाला, बोलायला त्याहून उशीर. शाळेनं पहिलीतूनच घरी पाठवला. लोक वेडा म्हणायचे. केशरबाईंनी मात्र त्याला एकेक गोष्ट महिनोन्‌महिने शिकवली. बटण लावणं, दूध उतू जायच्या आत उतरवणं, भाकरी थापणं. आपल्यामागं ह्याचं कसं व्हायचं, असं त्याचे वडील सुंदरराव नेहमी म्हणायचे. सुंदरराव गेले आणि तो प्रश्न घरात तसाच राहिला. आता हनुमानच्या कानाजवळचे केस पांढरे झाले होते.

सत्यशीला बीडच्या एका संस्थेत होती. हनुमानसारख्यांना आपल्या घरातच नीट राहता यावं म्हणून ती दर आठवड्याला गावात यायची, त्याच्याशी बोलत बसायची, कुठं अडतं ते विचारायची. ह्या संस्थेचं लिंबागणेशकडच्या माळावर एक घर होतं. त्याचं नाव विसावा. जो रात्रंदिवस दुसऱ्याचं करतो त्याला थोडे दिवस मोकळं करायचं आणि तोवर त्याच्या माणसाला तिथं सांभाळायचं, असं ते काम. सत्यशीलानं हे केशरबाईंना कितीदा समजावलं होतं. त्या मान डोलवायच्या आणि नको म्हणायच्या. लेकाला त्यांनी एका रात्रीपुरतंही कधी दूर केलं नव्हतं.

शेवटी हनुमानच म्हणाला, "माय, जाऊ आपण. बघून तर येऊ."

त्याचा आवाज इतका दमलेला होता की केशरबाईंना नाही म्हणवलं नाही.

गाडी आली. ड्रायव्हर आश्रुबानं पिशवी मागं ठेवली. गाव सुटलं तसे कापसाच्या रानांचे पांढरे तुकडे दोन्ही बाजूंनी सरकू लागले. लांब डोंगरावर पवनचक्क्या होत्या. त्यांची पाती इतकी सावकाश फिरत होती की बघता बघता डोळे जड व्हावेत.

केशरबाई सत्यशीलाला सांगत राहिल्या. त्याला अंधाराची भीती वाटते, दिवा ठेवा. भाकरी दुधात कुस्करून द्या. दुपारी झोपला तर हाक मारून उठवू नका, दचकतो. सत्यशीला ऐकून घेत होती. मधेच तिनं हनुमानकडं पाहिलं. तो खिडकीबाहेर बघत होता.

एका बांधावर पांढरा पटका घातलेलं कुणीतरी उभं होतं. चालण्याची ढब, खांद्याची ठेवण, सगळं सुंदररावांचं. त्यांनी हात वर केला. केशरबाईंनीही केला. मग बांध मागं गेला, आणि मनात कितीतरी वेळ गोड काहीतरी हलत राहिलं. लेकाची सोय बघायला निघालोय हे त्यांना कळलं असावं, असं केशरबाईंना वाटलं.

विसाव्याच्या ओसरीवर ऊन आलं होतं. चार-पाच जणी तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. एकीनं सरकून जागा केली, एकीनं चहा आणला. आतली खोली स्वच्छ होती. खिडकीशी एक खाट, तिच्यावर धुतलेली चादर. खिडकीतून तो डोंगर आणि ती पाती दिसत होती.

गादी मऊ आहे का ते बघायला म्हणून केशरबाई खाटेवर बसल्या. बसल्या आणि अंगातला सगळा ताण उतरून गेल्यासारखं झालं. लहानपणी माहेरच्या खळ्यात कडब्यावर पडल्यावर असंच वाटायचं. ऊन पायावर आलं होतं.

"इथं बरं हाय," त्या म्हणाल्या. मग आपणच ओशाळल्या. लेकाला सोडताना असं वाटावं ह्याचं त्यांना वाईट वाटलं. "माझ्याबिगर ऱ्हाईल ना गं त्यो?"

"ऱ्हातील, मावशी," सत्यशीला म्हणाली.

केशरबाईंनी हनुमानला जवळ बोलावलं आणि त्याच्या तोंडावरून हात फिरवला. त्याचे डोळे भरले होते.

"रडू न्हाई. मी येते की तुला न्यायला."

"हो, माय."

त्यानं खाली बसून त्यांच्या चपला काढल्या आणि खाटेखाली सारल्या. शाल पिशवीतून काढून त्यांच्या पायांवर घातली. केशरबाईंना ते नीटसं दिसलं नाही. डोळे मिटत होते, आणि बाहेर शेंगा फुटण्याचा बारीक आवाज येत होता, पावसाच्या सुरुवातीला येतो तसा. त्या तशाच आडव्या झाल्या.

हनुमान ओसरीवर आला. आश्रुबानं गाडी वळवून ठेवली होती, पण ह्याचा पाय निघेना. तो सारखा खिडकीकडं बघत होता. सत्यशीला त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली.

"मावशींचं आमी बघतो, भाऊ," ती हळूच म्हणाली. "इतकी वर्षं एकट्यानं त्यांना न्हाऊ घातलं, जेवू घातलं, उठून कुठं निघून जाऊ नयेत म्हणून रात्र रात्र दाराला आडवं पडून राखलं. आता घरी जाऊन तुमी झोपा."