कॅचरची खूण

प्रकाशनाच्या मंचावर बसून सुहासिनीताईंनी नवं पुस्तक दोनदा चाळलं. जिल्ह्याच्या बेसबॉलचा सगळा इतिहास होता. त्यांनी चेंडू फेकून गाजवलेल्या अंतिम सामन्यावर तर अख्खं प्रकरण होतं. फलंदाजामागे बसून तेच चेंडू झेलणाऱ्या कॅचरचं मात्र नावसुद्धा नव्हतं.

ती कॅचर, त्यांची मैत्रीण, दुसऱ्या रांगेत कडेला बसून मनापासून टाळ्या वाजवत होती.

"ताई, कसा जिंकलात तो सामना?" लेखकाने माईक पुढे केला.

"मी नुसती फेकत होते हो! कुठला चेंडू टाकायचा, ते आमची कॅचर बोटांनी खुणावायची. तिचं नाव..."

मैत्रिणीने पटकन गुडघ्यावर मूठ आवळली. तिची जुनी खूण. थांब.

सुहासिनीताईंनी तिची खूण कधीच डावलली नव्हती, म्हणून तर जिंकल्या होत्या. आज पहिल्यांदाच त्यांनी ठामपणे मान हलवली. नाही.

"जाळीच्या मास्कमागे तोंड लपवून आमच्यासाठी किती वर्षं उकिडवी बसलीस गं," त्या दुसऱ्या रांगेकडे बघत म्हणाल्या. "कुमुद बाविस्कर, आता उभी राहा!"