चोवीस तासांचा आराम

तपासनीस बाईंनी बूट उलटा धरला, सोलच्या खाचेत चिमटा घातला आणि एक केस बाहेर ओढला. मग दुसरा. तिसरा पांढरा निघाला, चौथा चक्क लालभडक.

"तू धावतेस कुठे गं?" बाईंनी विचारलं. "लोकांच्या डोक्यांवरून?"

एरवी वावटळ खो खो हसली असती. हे नाव तिला घरच्यांनी ठेवलं होतं आणि ती ते मिरवायचीसुद्धा. पण आज हसू कुठलं यायला! बूट बनवणाऱ्या कंपनीने रोजच्या सरावासाठी जाड गादीचा नवा बूट काढला होता आणि सहा आठवडे धावून बघायला तो हिला दिला होता. अख्ख्या शाळेतून हिला एकटीला. आजचा अहवाल पटला तर परीक्षकांच्या कायमच्या यादीत नाव, म्हणजे वर्षभर पायात कोरे करकरीत बूट. नाही पटला तर पुन्हा ते जुने, ज्यातून अंगठा बाहेर डोकावून रस्ता बघतो.

अहवाल तिने मोठ्या झोकात लिहिला होता. "पहिले दहा दिवस ढगावर धावल्यासारखं वाटलं. मग ढग विरला. पंधराव्या दिवशी गादी पार चपटी. उतारावर गुडघ्यापर्यंत हादरे. नापास!" नापासखाली दोन रेघा.

"अडीचशे किलोमीटरमध्ये गादी अशी बसत नाही," बाई म्हणाल्या. "धावणारीची टाच कडेला झिजते. ती झिजलीय, ते ठीक. पण हा मधला भाग बघ, कसा सपाट दाबला गेलाय. यावर कुणीतरी तासन्‌तास उभं राहिलंय. नियम काय होता?"

"माझ्याशिवाय कुणी घालायचे नाहीत. आणि धावून आलं की बुटाला चोवीस तास आराम, गादी पुन्हा फुगायला."

"पाळलास?"

"अगदी काटेकोर! मी तर..."

वावटळ मध्येच थांबली. टेबलावरच्या कागदावर केस ओळीने मांडले होते. काळा, पिंगट, पांढरा, लाल. इतक्या जणांचे केस एकाच फरशीवर सापडतील अशी एकच जागा तिला माहीत होती. तिची आई पार्लरमध्ये केस कापायची. सकाळी नऊ ते संध्याकाळी सात. वावटळ पहाटे धावून यायची, बूट दाराशी भिरकावून शाळेत पळायची आणि शिकवणी उरकून साडेसातला घरात शिरायची. बघावं तर बूट स्वच्छ पुसलेले, नाड्या आत खोचलेल्या. तिला वाटायचं, आईला लेकीचं केवढं कौतुक! आणि दोघींच्या पायांचा नंबर एकच आहे, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

तिने तिथल्या तिथे फोन लावला, तोही स्पीकरवर. होऊन जाऊ दे दूध का दूध.

"आई! तू माझे बूट घालून कामावर जातेस?"

पलीकडे ड्रायर घरघरत होता. तो बंद झाला.

"एकदाच गं."

"आई!"

"बरं, रोज. कुणी सांगितलं तुला?"

"तुझ्या गिऱ्हाइकांनी! सोलमध्ये बसलेत सगळे!" वावटळ भडकली. "आता कसलं माझं नाव येतंय यादीत! सगळ्या वर्गाला सांगून बसलेय मी! तुला तुझ्या चपला आहेत ना?"

"आहेत की," आई म्हणाली. "चुकलं माझं. त्या बाईंना सांग, पोरीचा काही दोष नाही."

बाईंनी पेन उचललं आणि वावटळीच्या नावावर सरळ रेघ मारली. "दोष नसेल. पण अहवाल एकटीच्या पायांचा राहिला नाही. नियम तो नियम."

धावताना गुडघे फुटले तरी हूं की चूं न करणारी वावटळ, पण आता तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. आईला सुनावायला तिने तोंड उघडलं, तोच बाईंनी फोन स्वतःकडे ओढला आणि नवा कोरा अर्ज पुढ्यात घेतला.

"ताई, मी तपासनीस बोलतेय. दिवसभर उभ्या राहणाऱ्या माणसाला हा बूट कसा वाटतो, हे आम्ही कधी कुणाला विचारलंच नाही. आता तुम्हीच सांगा. किती तास उभ्या असता?"

"दहा. खुर्ची गिऱ्हाइकाची असते ना."

"टाच दुखते?"

आईने आवाज खाली आणला.

"पोरगी तिथेच आहे का?"

"आहे."

"मग लिहा, दुखत नाही."

वावटळीने तोंडाशी आलेलं सगळं गिळलं. ती उठली. धाडधाड पाय आपटत दाराशी गेली, "मी खाली थांबते!" असं ओरडली आणि दार दाणकन लावून घेतलं. आतून. मग चवड्यांवर, मांजरीच्या पावलांनी परत आली आणि श्वास रोखून टेबलाशी उभी राहिली.

बाईंनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग दाराकडे.

"गेली," त्या साळसूदपणे फोनला म्हणाल्या.

"अकरा वर्षं दुखतेय," आई म्हणाली. "पण तिला कळू देऊ नका हं. धावायचं सोडून माझे पाय चेपत बसेल, वेडी."