चिमणीचा पाळणा

कारकुनाने हॅल्वर्न घराण्याच्या सात पिढ्या किताबांसह वाचून दाखवल्या. आठव्या वारसाला एकवीस वर्षं पूर्ण झाल्याची साक्ष बारा गावकऱ्यांनी दिली, तरच त्याला गढी मिळणार होती. “तो जन्मला त्या दिवशी छपरावरून पडून माझा पाय मोडला,” अकरावा म्हणाला. “पिऊन पडलात, तेही सांगा!” गर्दीतून त्याची बायको ओरडली. शेवटी म्हातारा सुतार ऑस्बर्ट उठला. “तो दिवस तुझ्या कशावरून लक्षात आहे, बाबा?” राजाच्या अधिकाऱ्याने विचारलं. हे ऑस्बर्टने कुणालाच सांगितलं नव्हतं. “लेकीसाठी पाळणा केला होता, सरकार. त्या सकाळी तिला पुरलं. दुपारी गढीवरून माणूस आला, नुकत्याच जन्मलेल्या धाकट्या धन्यांसाठी तोच पाळणा घेऊन गेला.” वारसाने पाळणा मागवला, उलटा केला. घराण्याच्या सोनेरी सिंहांखाली, तळाला, ऑस्बर्टने लेकीसाठी कोरलेली चिमणी होती. “तिचं नाव काय, काका?” त्याने विचारलं. “मॉड.” कारकुनाने सात पिढ्यांखाली तेही लिहून घेतलं.