पहिला आकडा

"चार लिही," नेलिदा म्हणाली.

तिच्या हाताखालच्या फाब्रिसियोने कीबोर्डवरून हात काढले. "आवृत्ती तीनच राहू द्या ना, बाई. शेवटचा आकडा वाढवू. पहिला बदलला की लोक घाबरतात, वर्षभर हात लावत नाहीत."

उरुग्वेतल्या पायसांदू शहरातल्या त्या खोलीत आठ महिने हाच वाद चालला होता. नेलिदा एचार्तने वीस वर्षांपूर्वी हे सॉफ्टवेअर पॅकेज लिहिलं. पिण्याच्या पाण्यात क्लोरीन किती सोडायचं, ते चाळीसेक गावांत त्यावर ठरे. नव्या आवृत्तीत मात्रा ग्रॅमऐवजी मिलिग्रॅममध्ये होती. किरकोळ बदलाचा, म्हणजे शेवटचा आकडा वाढवला, तर ती आपोआप बसली असती आणि हिशेब हजारपट चुकला असता. मोठ्या बदलाचा, म्हणजे पहिला वाढवला, तर कुणी घेतलीच नसती.

शुक्रवारी नेलिदा निवृत्त होणार होती. आपल्यामागे आवृत्तीच्या नुसत्या आकड्यावरून माणसाला सगळं कळावं, म्हणून तिने अकरा पानांची नियमावली लिहिली होती. आता तिचे डोळे चुरचुरत होते. वाद घालायचंही त्राण उरलं नव्हतं.

"सोसांना विचारू," ती म्हणाली.

वॉशिंग्टन सोसा नदीकाठच्या एका गावात पाणीकेंद्र सांभाळत. अधूनमधून त्यांचा फोन येई, तो तिला ख्यालीखुशालीचाच वाटे. आज तिने आपणहून लावला आणि स्पीकर चालू केला.

"सोसा, नियमावली वाचलीत? पहिला आकडा बदलला तर काय करायचं?"

पलीकडे 'माते' चहाचा घोट नळीने ओढल्याचा आवाज आला. "दोनदा वाचली, बाई. डोक्यात काही शिरली नाही."

"मग इतकी वर्षं ठरवत कसं होतात?"

"नवं आलं की तुम्हाला फोन करतो. बोलता बोलता विचारून घेतो. तुम्ही 'बसवा' म्हणालात की बसवतो, 'थांबा' म्हणालात की थांबतो. मग शेजारची गावं मला विचारतात." ते जरा घुटमळले. "शुक्रवारनंतर कुणाला करू?"

फाब्रिसियोने तीन खोडून चार लिहिले.

नेलिदाने फोन त्याच्यापुढे सरकवला.

"तुझा नंबर दे त्यांना."