पुन्हा हाच विषय

मॅडमनी मोबाइल समोर धरला आणि म्हणाल्या, "हं, बोल."

ती ऑफिसच्या लॉबीत प्लॅस्टिकच्या झाडांवरची धूळ पुसत होती. फडकं हातात तसंच ठेवून मोबाइलकडे बघत राहिली. याच मॅडमच्या हाताखाली ती वनस्पतिशास्त्र शिकली, विभागात पहिली आली, आणि आता चार इमारतींमधली खोटी झाडं चकचकीत ठेवायचं काम करत होती. वडील गमतीनं म्हणायचे, "झाडांचं शिकलीस, झाडांतच आहेस की! आणि ही मरतही नाहीत." ती हसायची. हसायला काय जातंय?

"यंदा मुलं आली नाहीत तर विभागाला कुलूप लागणार," मॅडम म्हणाल्या. "जुन्या विद्यार्थ्यांचं ऐकून तरी कुणी येईल. तू फक्त एवढंच म्हण, संधी मिळाली तर मी पुन्हा हाच विषय घेईन."

ज्यांनी पोटच्या मुलीसारखं शिकवलं, त्यांना तिच्याकडून एक वाक्य हवं होतं. तिनं ते म्हटलं. न अडखळता, लिफ्टमधला आवाज मजला सांगतो तसं.

मॅडमनी रेकॉर्डिंग पाहिलं. पुन्हा पाहिलं. "हे ऐकून तर मीच प्रवेश घेणार नाही," म्हणाल्या आणि पुसून टाकलं.

दुसऱ्यांदा ती जरा हसून बोलली. तिसऱ्यांदा मॅडमनीच हात टेकले. "राहू दे. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?" त्यांनी मोबाइल पर्समध्ये टाकला.

आता विभाग बंद पडणार, हे तिला कळत होतं. प्रयोगशाळेतला ओल्या मातीचा वास, सूक्ष्मदर्शकावर वाकून मान अवघडलेल्या दुपारी, सगळं आठवत होतं. वाईट मात्र वाटत नव्हतं, आणि वाटत नाही याचंही तिला काही वाटेना.

"आता कॅमेरा नाही," मॅडम म्हणाल्या. "खरं सांग. घेशील का?"

"माहीत नाही, मॅडम."

ती पुन्हा कामाला लागली. पान वरून पुसायचं, उलटं करायचं, देठाशी थांबून निरखायचं, मग पुढचं पान. कंपनीनं फक्त वरून पुसायला सांगितलं होतं.

"मागून काय बघतेस गं?"

"कीड," ती म्हणाली. मग स्वतःचंच बोलणं ऐकू आल्यासारखा तिचा हात थांबला.

मॅडमनी चष्मा कपाळावर सरकवला. तिच्या शेजारी वाकून त्यांनीही ते पान मागून नीट पाहिलं.

"आहे का?"

"नाही," ती म्हणाली. "कधीच नसते."