पुडिंगचं माप

“पुडिंग, उभा राहा बेटा. सरळ. दाखव ताईला.”

नेव्हिलनं सांगायचा अवकाश, पुडिंग मागच्या अंगणात लिंबाच्या झाडाखाली चारी पाय रोवून उभा राहिला. मान वर, शेपटी खाली, नजर समोर. नगरपालिकेची कर्स्टी त्याच्याशेजारी गुडघे टेकून बसली. तिनं खिशातून टेप काढला आणि छापील कागद मांडीवर ठेवला.

गेले दहा दिवस नेव्हिल दुसरं काही करत नव्हता. कुणीतरी तक्रार केली होती, की या घरातला कुत्रा पिट बुल दिसतो. अधिकारी येऊन तपासणार आणि तो त्या जातीचा ठरला तर नव्या कायद्यानं त्याला मारून टाकणार, असं नोटिशीत स्वच्छ लिहिलं होतं. पुडिंगच्या जातीचे कागद असायचं कारणच नव्हतं. मेंढ्यांची लोकर कातरायच्या शेडमागं सापडलेलं पिल्लू ते. आईबाप कोण, देवालाच ठाऊक. मग नेव्हिलनं ठरवलं, कुत्रा किती गुणी आहे ते त्या अधिकाऱ्याला डोळ्यांनी दिसू दे, म्हणजे झालं. बायकोच्या, डॉटच्या, शिवणाच्या डब्यातला टेप घेऊन तो रोज संध्याकाळी पुडिंगला मापाची सवय लावत बसला. न हलता माप दिलं, की टोस्टचा तुकडा.

“चाळीस वर्षं झाली लग्नाला,” डॉट म्हणायची, “मला कधी भरवलं नाहीस असं.”

आता कर्स्टीनं खांद्यापर्यंतची उंची घेतली आणि कागदावर बरोबरची खूण केली. मग कपाळाची रुंदी. पुन्हा खूण. नेव्हिलनं स्वयंपाकघराच्या खिडकीत उभ्या असलेल्या डॉटकडं बघून मान डोलावली.

“दात बघू?” कर्स्टीनं विचारलं.

“बघ की. हात घाल खुशाल. पेपरवाले लिहितात, या कुत्र्यांच्या जबड्याला कुलूप असतं म्हणे, एकदा लागलं की उघडतच नाही. सापडलं तर मलाही दाखव, चावी करून आणतो.”

कर्स्टी हसली नाही. तिनं पुडिंगच्या तोंडात बोटं घातली, ओठ उलटून पाहिले, दाढा पाहिल्या. तो आ वासून उभा. बोटं बाहेर आल्यावर त्यानं तेवढं तिचं मनगट चाटलं. खूण. छातीचा घेर, खूण. शेपटीची लांबी, तिथंही खूण.

“एकातही चुकला नाही गं!” नेव्हिल खिडकीकडं बघून ओरडला. “सगळेच्या सगळे बरोबर! माझ्यावर गेला नाही, हे बरं झालं!”

कर्स्टीनं टेप गुंडाळला, पण ती उठली नाही.

“नेव्हिल,” ती म्हणाली, “हे मार्क नाहीत हो. पिट बुल कसा दिसतो, त्याची यादी आहे ही. जुळलं की खूण करायची.”

नेव्हिलच्या डोक्यात ते शिरायला वेळ लागला.

“आणि स्वभाव? तो कुठं लिहितेस?”

“त्याला रकानाच नाही.”

“अगं, पण आत्ता तू त्याच्या तोंडात हात घातलास ना पोरी!”

“घातला.” कर्स्टीनं कागद मांडीवर पालथा केला. “बाकीची कुत्री मला जवळ फिरकू देत नाहीत. गुरगुरतात, अंगावर येतात. मग मी ‘माप घेता आलं नाही’ एवढं लिहून परत जाते. दुसरी तारीख पडते, तेवढ्यात माणसं वकील गाठतात, काहीतरी करतात. तुमच्या पुडिंगनं एकसुद्धा माप चुकू दिलं नाही.”

नेव्हिलनं खिशातला उरलेला टोस्ट मुठीत चुरडला. म्हणजे आपणच. आपल्याच हातानं, टोस्ट भरवून भरवून.

“आता काय?”

“आता न्यावं लागेल. अपील करता येतं, पण खोटं कशाला बोलू? नेलेला कुत्रा घरी परत आलेला मी अजून पाहिला नाही.”

नेव्हिल गवतात बसला. त्यानं पुडिंगचं ते रुंद तोंड दोन्ही हातांत धरलं.

“गुरगुर,” तो म्हणाला. “एकदाच गुरगुर रे राजा. मला चाव हवं तर, पण कर काहीतरी. अजून तिनं सही केलेली नाही.”

कर्स्टी पेन हातात धरून तशीच थांबली. खरं सांगायचं तर पुडिंगनं नुसते दात दाखवले असते, तरी तिनं तो कागद टराटरा फाडला असता. पुडिंगनं कान पाडले. आपलं काय चुकलं ते त्या बिचाऱ्याला कळेना. त्यानं धन्याचा गाल चाटला, मग हनुवटी, मग पुन्हा गाल.

कर्स्टीनं सही केली. गाडीतून तिनं टोकाला फास असलेली काठी आणली, तशी डॉट चपला न घालताच धावत बाहेर आली.

“ते नको लावूस गं त्याला,” ती म्हणाली. “तो सांगितलं की येतो.”

गाडीतल्या पिंजऱ्याचं दार नेव्हिलनंच उघडलं. “चढ बेटा,” तो म्हणाला. पुडिंग एका उडीत आत गेला, वळला आणि नेव्हिललाही बसता यावं म्हणून एका बाजूला सरकून बसला.